केटी लागली तर जायचं कुणाकडे? तीन अडचणी, तीन दारं

निकाल लागला की मुंबईत विचारतात 'किती केटी?', पुण्यात विचारतात 'किती बॅक?'. शब्द वेगळे, धसका एकच. त्यानंतर बरीच मुलं दोनच गोष्टी करतात: घरी लपवतात आणि पुढच्या परीक्षेची वाट बघतात. कॉलेजकडे मदत मागता येते, हे अनेकांच्या डोक्यातच येत नाही.

एटीकेटीने नेमकं काय मिळतं?

एटीकेटी म्हणजे 'अलाऊड टू कीप टर्म्स'. काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसायची सवलत. किती विषयांपर्यंत, हे विद्यापीठाचे नियम ठरवतात. मर्यादा ओलांडली की वायडी, म्हणजे वर्ष गेलं. सवलतीने वर्ष वाचतं, पण विषय कच्चाच राहतो. पहिल्या वर्षाचं गणित कळलं नसेल, तर दुसऱ्या वर्षाचं आणखी अवघड जातं. म्हणून आधी आपली अडचण कोणती ते ओळखायचं.

1. विषयच कळत नाही

पहिलं दार मेंटॉरचं. अनेक मुलांसाठी मेंटॉर म्हणजे फॉर्मवर सही करणारे सर, एवढंच. पण एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी आणि मागे पडणाऱ्यांसाठी काय केलं जातं, हे नॅकच्या मूल्यांकनात कॉलेजांना दाखवावं लागत आलंय. म्हणजे मदत मागणं हे उपकार मागणं नाही. जाताना 'काहीच कळत नाही' असं सांगू नका. 'पार्शल डिफरन्सिएशनची ही गणितं इथे अडतात' असं वही उघडून दाखवा. पाच-सहा जण मिळून जादा तासासाठी लेखी अर्ज दिला, तर तो टाळणं अवघड जातं.

अडचण इंग्रजीची असेल, तर एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर इंजिनीअरिंगची मराठी पुस्तकं मोफत आहेत.

2. पेपर चांगला गेला, मार्क आले नाहीत

इथे आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवायची, मग पुनर्मूल्यांकनाचं ठरवायचं. अर्जाची मुदत थोड्याच दिवसांची असते, त्यामुळे निकालासोबतचं परिपत्रक त्याच दिवशी वाचा. आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघणं हा माहिती अधिकाराचा भाग आहे, असं सुप्रीम कोर्टाने 2011 मध्येच स्पष्ट केलंय.

निकाल रखडला किंवा मूल्यांकनात पारदर्शकता नसेल, तर यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येतं. समितीने 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही, तर 15 दिवसांत लोकपालांकडे अपील करता येतं.

3. अभ्यास बाजूलाच, मनच थाऱ्यावर नाही

एनसीआरबीच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 13 हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातल्या 2,248 मृत्यूंमागे परीक्षेतलं अपयश हे कारण नोंदवलं गेलं. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने याच आकड्यांचा उल्लेख करत देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा. परीक्षेच्या काळात लहान गटांना मेंटॉर किंवा समुपदेशक नेमून द्यावा. कमी मार्कांवरून मुलांना चारचौघांत लाजवू नये.

तुमच्या कॉलेजमध्ये समुपदेशक कोण आणि कधी भेटतात? नोटीस बोर्डवर याचं उत्तर नसेल, तर प्राचार्यांना लेखी विचारा. कुणाशीच बोलवत नसेल, तर टेलि-मानसची 14416 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आणि 24 तास सुरू असते.

मग मदत कागदावर का राहते?

कारण दोन्हीकडे आहे. कॉलेज समिती नेमतं आणि फाईल बंद करतं. विद्यार्थी लाजेने गप्प बसतो आणि अगदी परीक्षेच्या तोंडावर येतो, तेव्हा सरांच्याही हातात फारसं काही उरत नाही. कॉलेजची फाईल तुम्हाला बदलता येणार नाही, पण वेळ तुमच्या हातात आहे. पहिल्या युनिट टेस्टमध्ये विषय अडला, तर मेंटॉरला त्याच आठवड्यात भेटा. तेव्हा प्रश्न एका धड्याचा असतो, सेमिस्टर संपताना तो अख्ख्या विषयाचा झालेला असतो.