मोजल्याशिवाय दुरुस्ती पुरी नाही!

रायपूरच्या बूढापाऱ्यात, बूढा तालावाच्या आसपासच्या जुन्या वस्तीत, मराठी घरे पूर्वापार आहेत. रेल्वेत आणि टपाल खात्यात आयुष्य घातलेले आपले अनेक बांधव अशाच वस्त्यांत राहतात. त्यांच्या दारात जुनी गाडी उभी असते. कोणाची पाचव्या नाहीतर सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीतून घेतलेली मारुती, कोणाची जपून ठेवलेली अँबॅसेडर, कोणाची सोसायटीच्या कर्जातून घेतलेली जीप. ही गाडी चैनीची वस्तू नाही. आईला दवाखान्यात न्यायला, नागपूरच्या लग्नकार्याला जायला तीच कामी येते. म्हणून तिच्या नावाने गॅरेजमध्ये जी लूट चालते, तिच्यावर कामगारांच्या पत्रात लिहिणे अगदी रास्त आहे.

तक्रार सगळीकडे एकच ऐकू येते. गाडीखाली खडखड होत होती म्हणून बुश, बॉल जॉइंट, शॉकॲब्सॉर्बर बदलले, मागचे पाटे भरले. बिल चुकते केले. खडखड थांबली, पण गाडी सरळ रेषेत चालेना. मोकळ्या रस्त्यावर ती कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकते आणि चालवणाऱ्याला सारखे स्टेअरिंग सावरत बसावे लागते. रायपूर ते नागपूर हा सुमारे २९० किलोमीटरचा रस्ता ट्रकांनी भरलेला. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. त्या सेकंदात ती हातभर सरकली आणि शेजारून सोळा चाकी ट्रक जात असला, तर काय होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पुढे पंचनाम्यात मात्र एकच ओळ येते : चालकाची चूक.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. सस्पेन्शनचे काम करून चाकांची मापे न घेता गाडी मालकाच्या हाती देणे म्हणजे अर्धे काम करून पुरे पैसे घेणे आहे. हे खपवून घेण्याचे काही कारण नाही.

‘जुनी गाडी, असेच चालायचे’

पहिली सबब वयाची. गाडी जुनी झाली, आता ती अशीच चालणार, असे सांगितले जाते. ही सबब खोटी आहे. प्रीमियर पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंद २००३ साली मुंबईत झाली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. म्हणजे त्या गाड्यांना मुंबईच्या गर्दीत रोज राबून वीस वर्षांचे आयुष्य मिळाले. पोलाद वयामुळे दिशा विसरत नाही. कुठेतरी खेळ वाढतो, कुठेतरी कोन बिघडतो. दोन्ही मोजता येतात आणि बहुतेक वेळा दुरुस्तही करता येतात.

शिवाय इथे दुखणे वयाने आलेले नाही. कामाला टाकण्यापूर्वी गाडी सरळ चालत होती, कामानंतर भरकटू लागली. मग कारण त्या कामातच शोधायचे, की जन्मतारखेत?

‘नवा माल आहे, बसू द्या’

दुसरी सबब अशी की नवे भाग आहेत, पाचशे किलोमीटर चालवा, आपोआप बसतील. पाचशे किलोमीटर चालवल्यावर बसतो तो टायर, आणि तोही झिजून!

हिशेब करून पाहा. दोन्ही पुढच्या चाकांची तोंडे एकमेकांकडे किंचित वळलेली असतात, त्याला टो-इन म्हणतात. बाहेर वळली तर टो-आउट. टायरॉड एंड किंवा आर्म बदलला, गाडीची उंची बदलली, की हे माप बदलते. समजा चाकाचा व्यास ६०० मिलिमीटर आहे आणि दोन्ही चाके मिळून मापात ६ मिलिमीटरची चूक राहिली. तेवढ्याने प्रत्येक चाक दर किलोमीटरला सुमारे ५ मीटर आडवे घासत जाते. नागपूर येईपर्यंत ते जवळजवळ दीड किलोमीटर आडवे घासलेले असते. ही झीज टायरच्या दुकानदाराच्या फायद्याची आहे, आपल्या नव्हे.

त्यातही चूक टो-आउटच्या बाजूची असेल तर गाडी हमखास भरकटते. डावे चाक डावीकडे जाऊ पाहते, उजवे उजवीकडे. ज्या चाकावर क्षणभर भार जास्त, त्याचे चालते. रस्त्याचा प्रत्येक उंचवटा गाडीला नवी दिशा देतो.

एक गोष्ट मात्र खरी : मागच्या पाट्यांचे यू बोल्ट नव्या कामानंतर थोडे अंतर चालवून पुन्हा आवळावे लागतात. पण ते आपोआप आवळले जात नाहीत. त्यासाठी गाडी परत बोलवावी लागते आणि पाना हातात घ्यावा लागतो. यू बोल्ट सैल राहिले, मधला सेंटर बोल्ट तुटला, की मागचा ॲक्सल स्वतःच वळू लागतो आणि लोक दोष पुढच्या चाकांत शोधत बसतात.

पाटा वाढला, कल बिघडला

पोस्टमन बांधवांना सायकल ठाऊक आहे. तिचा पुढचा चिमटा तिरका असतो. त्या तिरकेपणामुळेच हात सोडले तरी सायकल काही अंतर सरळ जाते. धडक बसून चिमटा मागे दबला, की तीच सायकल हातात राहत नाही. मोटारीतही पुढच्या चाकाच्या वळण्याच्या आसाला असाच मागे कल दिलेला असतो. त्याला कॅस्टर म्हणतात. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येते ते मुख्यतः त्याच्या जोरावर.

आता मागचे पाटे थकले म्हणून मिस्त्री एक-दोन पाने जादा घालतो. गाडीची शेपटी वर जाते, नाक खाली येते. अँबॅसेडरच्या पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे २,४६० मिलिमीटर अंतर असते. मागची बाजू फक्त ४३ मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांहूनही कमी, उचलली गेली तर अख्खी गाडी १ अंश पुढे कलते आणि पुढच्या चाकांचा कॅस्टर तेवढाच घटतो. एक अंश म्हणजे ५७ ला १ चा उतार. खंडाळ्याच्या घाटात ३७ ला १ च्या चढावर गाड्या चढवणाऱ्या साथींना ५७ ला १ ही क्षुल्लक बाब वाटणार नाही.

वाघिणीची दुरुस्ती झाली की बफरची उंची मोजल्याशिवाय ती बाहेर पडते का? रिकाम्या वाघिणीला जास्तीत जास्त ११०५ मिलिमीटर, भरलेल्या वाघिणीला कमीत कमी १०३० मिलिमीटर. चाकांच्या आतल्या तोंडांमधले अंतर १६०० मिलिमीटर आहे की नाही हे गेज लावूनच ठरते. ‘नजरेने बरोबर दिसते’ असे कोणी म्हटले तर त्याला घरी पाठवतील. मग तोच फिटर आपली स्वतःची गाडी निव्वळ नजरेच्या भरवशावर गॅरेजमधून का उचलून आणतो?

उंचीशी जोडलेली आणखी एक चूक सर्रास घडते. गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असतानाच रबरी बुशांचे बोल्ट पक्के आवळले जातात. गाडी खाली आली की रबर पिळवटते. ते गाडीला उचलून धरते आणि थोड्याच दिवसांत फाटते. हे बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर, नेहमीच्या उंचीवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे असतात. याला जादा भाग लागत नाही, जादा पैसाही लागत नाही. दहा मिनिटे लागतात आणि तीच दिली जात नाहीत.

स्टेअरिंग आवळण्याचा उद्योग

गाडी भरकटते अशी तक्रार घेऊन गेलात, की गॅरेजमधला सर्वांत घातक इलाज पुढे येतो : स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून देतो, खेळ निघून जाईल. खेळ असतो टायरॉड एंडमध्ये, नाहीतर चाकाच्या बेअरिंगमध्ये, आणि आवळला जातो बॉक्स. मग स्टेअरिंग जड होते, वळणानंतर सरळ परत येत नाही, गाडी आणखीच भरकटते. वर बॉक्सचे दात खराब होतात ते वेगळेच. बॉक्सचा खेळ खरोखर काढायचा असेल तर चाके सरळ ठेवून, कंपनीच्या पुस्तकाप्रमाणेच काढायचा.

खेळ शोधण्याची रीत साधी आहे. गाडी चाकांवर उभी ठेवा. एकाने स्टेअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने खाली पाहून प्रत्येक सांध्यावर बोटे ठेवावीत. जो सांधा आधी हलतो आणि पुढचा भाग उशिरा हलवतो, तो गुन्हेगार. नवा बॉल जॉइंट फार घट्ट असला तरी तसाच त्रास होतो, म्हणून ‘नवा टाकलाय’ हे उत्तर पुरेसे नाही. टायरही पाहा. चारही टायरांत सांगितलेली हवा आहे का? एकाच ॲक्सलवर दोन जातींचे टायर तर नाहीत? हवा भरायच्या आधी कोणाच्या खिशात हात घालू देऊ नका.

हिरव्या आकड्यांची पावती

काही जण म्हणतील, आम्ही कॉम्प्युटरवर अलाइनमेंट केले, पावतीवर सगळे हिरवे आहे. छान! पण आधी खेळ काढला होता का? सांध्यात खेळ असलेल्या गाडीचे माप घेणे म्हणजे हलत्या काट्यावर पार्सल जोखणे. पावतीवर कॅस्टरचा आकडा आहे, की फक्त टो जुळवून गाडी सोडली? कामाआधीचे आणि कामानंतरचे असे दोन्ही आकडे छापले आहेत का? क्रम ठरलेला आहे. आधी हवा, मग खेळ, मग गाडीची उंची, मग कॅस्टर आणि कॅम्बर, आणि सर्वांत शेवटी टो. क्रम उलटा केला तर यंत्र कितीही महाग असो, उत्तर चुकणार.

ज्याला खात्री करायची आहे तो टेप आणि खडू घेऊन सपाट फरशीवर स्वतः टो पाहू शकतो. पुढच्या दोन्ही टायरांच्या मागच्या बाजूला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर खुणा करून दोन खुणांमधले अंतर मोजा. गाडी हाताने पुढे ढकला, मागे नव्हे. अर्धा फेरा झाल्यावर त्याच खुणा पुढच्या बाजूला येतील, पुन्हा मोजा. पुढचे अंतर कमी आले तर टो-इन, जास्त आले तर टो-आउट. मागच्या चाकांनी चालणाऱ्या जुन्या गाड्यांना साधारणपणे थोडे टो-इन लागते, पुढच्या चाकांनी चालणाऱ्यांचा आकडा शून्याजवळ असतो. अंतिम शब्द कंपनीच्या पुस्तकाचा.

मोजण्याची मजुरी कोण देणार?

आता मूळ मुद्द्यावर येऊ. गॅरेजमधला पोरगा आपला शत्रू नाही. बुश बदलण्याचे इतके, जॉइंटचे इतके, अशा ठेक्यावर तो राबतो. तपासण्याला दर नाही, मोजण्याला दर नाही. दुपारपर्यंत दोन गाड्या निघाल्या तरच त्याच्या घरी चूल पेटते. मालकाचा नफा भाग विकण्यात आहे, म्हणून भाग बदलले जातात आणि रोग तसाच राहतो. आणि आपल्यातला गिऱ्हाईकही भागाचे पैसे मुकाट्याने देतो, पण मोजण्याचे तीनशे रुपये मागितले की म्हणतो, ‘यात तू काय केलेस?’

हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. रेकच्या कडेने एकेक वाघीण तपासत जाणाऱ्या टीएक्सआरला, थैलीचे सील आणि लेबल तपासणाऱ्या सॉर्टरला ‘यात तुम्ही काय उत्पादन केले?’ असे विचारणारे साहेब आपण पाहिले आहेत. तपासणी हे श्रम आहेत, हे आपण त्यांना ठणकावून सांगितले. बीपीसी हातात नसताना मालगाडी निघत नाही. थैली कोणी बंद केली हे लेबलावर लिहिलेले असते. हक्काची तीच भाषा गॅरेजच्या दारात विसरली जाते, हे कामगाराला शोभत नाही.

म्हणून साथींनो, एवढे करा.

१. काम देण्यापूर्वीच ठरवा : मापे घेतल्याशिवाय काम पूर्ण धरले जाणार नाही. मोजण्याची मजुरी वेगळी लिहा आणि ती घासाघीस न करता द्या.

२. गाडी देताना चारही चाकांवरची उंची, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, मोजून लिहून ठेवा. परत घेताना पुन्हा मोजा.

३. आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागद, काम करणाऱ्याच्या सहीसह मागा. कागद नाही तर शेवटचा हप्ता नाही.

४. मिस्त्रीला शेजारी बसवून मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवा. भरकटणे त्याच्या डोळ्यांना दिसू द्या.

५. सरकारी किंवा भाड्याची गाडी चालवणाऱ्या साथीने भरकटण्याची तक्रार त्याच दिवशी लॉगबुकात लिहावी. तोंडी तक्रार अपघातानंतर कोणालाच आठवत नाही.

६. एकट्याचे ऐकत नसतील तर दहा जण मिळून एका गॅरेजशी दर ठरवा. सहकारी चळवळीत आयुष्य घातलेल्या वामनराव लाखे यांच्या शहराला आणि पतपेढ्या उभ्या करणाऱ्या रेल्वे-टपाल कामगारांना हे अवघड नाही.

१ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. जुनी गाडी ठेवणे आधीच महाग करून ठेवले आहे. त्यात अर्ध्या कामाला पुरे पैसे देणे आपल्याला परवडणारे नाही, आणि अर्ध्या कामावर घरच्या माणसांना हायवेवर नेणे तर मुळीच नाही.

पुरे काम, पुरा दाम! आधी माप, मग बिल!