पत्रादेवीच्या पलीकडचा उपचार

गटारी अमावास्येच्या आधी गोवा बनावटीच्या दारूने भरलेली वाहने महामार्गावर पकडली जाणे, जप्त खोक्यांसह पथकाचे छायाचित्र छापून येणे आणि श्रावण लागताच अनेक घरांतील पुरुषांनी ‘आता महिनाभर बंद’ असे जाहीर करणे, हा क्रम रत्नागिरीत याही वर्षी चुकलेला नाही. या आठवड्यात अधिक खटकले ते हे, की ज्याला श्रावण पाळता येतो तो व्यसनी नाही असा निर्वाळा पुन्हा दिला जात आहे आणि ज्याला तो पाळता येत नाही त्याला नादान ठरवले जात आहे. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत आणि दुसरा तर जिवावर बेतणारा आहे.

मद्यावलंबित्व, म्हणजे शरीर व मन दोन्ही दारूवाचून चालेनासे होणे, हा आजार आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूने मद्याच्या शामक परिणामाशी जुळवून घेतलेले असते. तो परिणाम एकाएकी नाहीसा झाला की काही तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते, पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काही रुग्णांना भ्रम होऊन नसलेली माणसे दिसू लागतात. या अवस्थेला डॉक्टर ‘विथड्रॉवल’ म्हणतात. तिच्यावर उतरत्या मात्रेत शामक औषधे आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, देऊन उपचार होतो, आणि तो न मिळाल्यास तीव्र अवस्थेत मृत्यूही ओढवू शकतो. अशा वेळी बाहेरची बाधा समजून आधी देवाला कौल लावण्यात जे दिवस जातात, तेच नेमके धोक्याचे असतात. शपथेचेही तसेच आहे: दारू सोडण्याची ग्रामदेवतेसमोर घेतलेली शपथ मोडल्यावर माणूस दारूपेक्षा देवाच्या कोपाला अधिक भितो, पिणे लपवतो आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचायला आणखी उशीर करतो.

ज्या गोव्यातून ही दारू येते, त्याच गोव्याकडे या प्रश्नाचे सिद्ध झालेले एक उत्तरही आहे. तेथील ‘संगत’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. घातक प्रमाणात पिणारे, परंतु पूर्ण अवलंबित्वाला न पोहोचलेले पुरुष जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या चाचणीने ओळखण्यात आले. त्यांतील निम्म्यांना नेहमीची सेवा मिळाली आणि उरलेल्यांशी मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठकांत संवाद साधला. या संवादात उपदेश नव्हता. पिण्याने स्वतःचे काय बिघडत आहे हे त्या पुरुषानेच मांडावे आणि ते सुधारण्याचा बेतही त्यानेच आखावा, अशी त्याची रीत होती. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते, तर नुसती नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. वर्षभरानंतर हे आकडे अनुक्रमे ५४ आणि ३२ टक्क्यांच्या आसपास गेले. पत्नीला होणारी मारहाण मात्र या उपायाने कमी झाल्याचे तीन महिन्यांच्या निष्कर्षांत दिसले नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे, कारण त्या स्त्रीसाठी वेगळी व्यवस्था उभारावीच लागेल. तरीही चार बैठका आणि एक प्रशिक्षित स्थानिक व्यक्ती इतक्या भांडवलावर मिळालेला हा परिणाम आहे, आणि पत्रादेवी येथील गोवा-महाराष्ट्र सीमेवरून दारू इतक्या सहज अलीकडे येत असताना ही पद्धत मात्र सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात पोहोचू नये, ही संतापजनक गोष्ट आहे.

पूर्ण अवलंबित्व जडलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. दिल्लीच्या एम्स या संस्थेच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार ३८ मद्यावलंबी व्यक्तींपैकी एकीलाच काही ना काही उपचार मिळाला होता. अशांना चार बैठका पुरणार नाहीत. त्यांच्यासाठी रत्नागिरीत एकोणिसाव्या शतकापासून प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्याच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारांत केला असल्याने तेथील उपचार हा रुग्णाचा हक्क आहे. परंतु त्या इमारतीच्या नावाची धास्ती घेऊन कुटुंबे परतात. त्यांना १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर घरबसल्या सल्ला तरी घेता येईल. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’चा लौकिक मोठा आहे, परंतु तेथे निवासी उपचारासाठी पाच आठवडे राहावे लागते, आणि ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू झाल्यावर रत्नागिरीतील मिरकरवाडा बंदराच्या खलाशाने इतके दिवस बंदर सोडणे म्हणजे हंगामाच्या कमाईवर पाणी सोडणे होय.

याच कारणाने जून आणि जुलै हे मासेमारीबंदीचे दोन महिने मोलाचे ठरतात. नौका किनाऱ्यावर असतात, हाताला काम नसल्याने पिणे वाढण्याचा धोका असतो आणि उपचारासाठी वेळही तेव्हाच मिळतो. पुढील बंदीच्या काळात बंदरांलगतच्या आरोग्य केंद्रांत त्या दहा प्रश्नांची चाचणी आणि स्थानिक समुपदेशक असावेत, आकडीचा धोका असलेल्यांना तेथूनच जिल्हा रुग्णालयात पाठवले जावे आणि समुपदेशकांचे मानधन राज्याला दारूवर मिळणाऱ्या उत्पादन शुल्कातून द्यावे. त्यासाठीची तरतूद मार्चमधील अर्थसंकल्पात व्हावी लागेल आणि तिची मागणी करण्याचे काम जिल्ह्यातील आमदारांचे आहे.