अंथरूण कोणाचे, पाय कोणाचे?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण ज्याला लहानपणी मिळाली नाही असा मराठी माणूस विरळाच. शिंद्यांच्या लष्कराबरोबर आपले पूर्वज येथे आले, चाकरीत स्थिरावले, वाडे बांधून राहिले; पण खर्चाच्या वहीवरचा त्यांचा डोळा कधी ढळला नाही. तीच शिकवण गेली काही वर्षे युरोपातील फुटबॉलच्या क्लबांना कायद्याच्या भाषेत दिली जात आहे. स्मरणिकेत प्रकृती आणि पथ्यापथ्याविषयी लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. म्हणून या वेळी एका खेळाच्या आर्थिक प्रकृतीविषयी, आणि तिला सांगितलेल्या पथ्याविषयी, काही विचार वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. ग्वाल्हेर हॉकीचे आणि क्रिकेटचे शहर. येथे फुटबॉलची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु प्रश्न चेंडूचा नाही. धनिकाच्या आश्रयावर उभ्या राहिलेल्या संस्थेचे भवितव्य काय, हा तो प्रश्न आहे, आणि तो ग्वाल्हेरकरांना अपरिचित नाही.

प्रथम हे पथ्य काय आहे ते पाहू. युरोपातील फुटबॉल महासंघाने, म्हणजे युएफाने, 2010 च्या सुमारास असा नियम केला की क्लबाने आपल्या मिळकतीहून फार अधिक खर्च करू नये. तिकिटे, दूरचित्रवाणीचे हक्क, जाहिराती आणि खेळाडूंची विक्री ही मिळकत. पगार आणि नव्या खेळाडूंची खरेदी हा खर्च. मालक कितीही गर्भश्रीमंत असला तरी त्याने खिशातून ओतलेल्या पैशाला मर्यादा. 2022 मध्ये या नियमांची फेररचना झाली आणि खेळाडू व प्रशिक्षकांचे पगार, खरेदीचा वार्षिक भार व दलालांचे मानधन मिळून होणारा खर्च मिळकतीच्या 70 टक्क्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने आणावा असे ठरले. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने तीन वर्षांत 105 दशलक्ष पौंडांपर्यंतचा तोटा क्षम्य धरला. ही मर्यादा 19.5 दशलक्षांनी ओलांडली म्हणून एव्हर्टन या जुन्या क्लबाचे नोव्हेंबर 2023 मध्ये 10 गुण कापले गेले. अपिलात ते 6 झाले. मैदानावर घाम गाळून मिळवलेले गुण हिशेबाच्या टेबलावर गेले. त्याच लीगने नोव्हेंबर 2025 मध्ये हा नियम बदलून 2026-27 च्या मोसमापासून मिळकतीशी बांधलेली खर्चमर्यादा स्वीकारण्याचा निर्णय घेतला.

या नियमांचा खेळाडूंच्या देवघेवीवर जो परिणाम झाला तो मोठा बोधप्रद आहे. समजा, एखाद्या क्लबाने 100 कोटींना खेळाडू घेतला आणि त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला, तर ताळेबंदात दरवर्षी 20 कोटींचाच खर्च दिसतो. करार आठ वर्षांचा केला तर साडेबारा कोटींचा. चेल्सी क्लबाने 2022-23 मध्ये आठ-आठ वर्षांचे करार केले ते काही खेळाडूंवरील मायेपोटी नव्हे. ही पळवाट ध्यानात येताच 2023 मध्ये युएफाने आणि पाठोपाठ प्रीमियर लीगने हिशेबासाठी पाच वर्षांची कमाल मर्यादा घातली. दुसरी बाजू अधिक क्लेशकारक आहे. लहानपणापासून क्लबातच वाढलेल्या मुलाची खरेदी-किंमत ताळेबंदात शून्य असते. तो 30 कोटींना विकला तर सगळेच्या सगळे 30 कोटी त्याच वर्षी नफा म्हणून दाखवता येतात. मग 30 जूनला हिशेबाचे वर्ष संपत आले की तोट्यातल्या क्लबांची नजर प्रथम घरच्या पोरांकडे जाते. नॉटिंगहॅम फॉरेस्टने आपल्याकडेच घडलेला ब्रेनन जॉन्सन हा खेळाडू 30 जूनपूर्वी कमी किमतीत न विकता 1 सप्टेंबर 2023 ला सुमारे 47.5 दशलक्ष पौंडांना विकला. व्यवहार शहाणपणाचा होता, पण मुदत टळली होती; तो युक्तिवाद मान्य झाला नाही आणि मार्च 2024 मध्ये क्लबाला 4 गुणांची शिक्षा झाली. स्पेनमध्ये लीगने घातलेल्या पगारमर्यादेत बसवता आले नाही म्हणून ऑगस्ट 2021 मध्ये बार्सिलोनाला मेस्सी सोडावा लागला. तेरा वर्षांचा असताना ज्या क्लबात आला, तेथून तो तिशी ओलांडल्यावर गेला तो वहीतल्या आकड्यांमुळे.

या नियमांवरचा मुख्य आक्षेपही खरा आहे. अंथरूण पाहून पाय पसरा म्हणताना अंथरूण सर्वांचे सारखे नाही, याचा विचार त्यांत नाही. ज्यांची मिळकत आधीच अफाट आहे ते अफाट खर्च करू शकतात. ज्याला वर यायचे आहे त्याचे पाय मात्र बांधले जातात. तरीही माझे मत या नियमांच्या बाजूचे आहे. मालकाच्या लहरीवर चाललेला क्लब त्याच्या लहरीबरोबरच बुडतो, आणि बुडताना मालक क्वचितच बुडतो; बुडतात ते खेळाडू, मैदानाचे माळी, तिकीट-खिडकीवरचे कारकून आणि रविवारची वाट पाहणारे गाव. यासाठी परदेशातील दाखले शोधण्याचे कारण नाही. ते आपल्याच मुलखात आहेत.

मुंबईच्या महिंद्र कंपनीचा संघ 1962 मध्ये उभा राहिला. 2005-06 मध्ये त्याने राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये कंपनीने तो विसर्जित केला. संघ हरत होता म्हणून नव्हे. कंपनीचे धोरण बदलले म्हणून. पुण्याची कथा याहून उद्बोधक आहे. पिरामल समूहाचा पुणे एफसी 2007 मध्ये स्थापन झाला. त्याची युवा अकादमी देशात नावाजलेली होती. कल्याणी समूहाचा भारत एफसी 2014-15 चा एकच मोसम खेळला. डीएसके शिवाजीयन्स 2015-16 मध्ये राष्ट्रीय लीगमध्ये आला आणि 2017 मध्ये बाहेर पडला. त्याच सुमारास त्याच्या प्रवर्तकांचा बांधकाम व्यवसाय अडचणीत आला होता. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी 2014 ते 2019 एवढेच आयुष्य घेऊन आला. म्हणजे 2015 ते 2019 या अवघ्या चार-पाच वर्षांत एका शहराने व्यावसायिक फुटबॉलचे चार संघ गमावले. पुणेकरांना फुटबॉल आवडत नव्हता, असे याचे निदान करणे म्हणजे ताप पाहून तापमापकाला दोष देण्यासारखे आहे.

एफसी पुणे सिटीची जागा 2019 मध्ये हैदराबाद एफसीने घेतली. मार्च 2022 मध्ये त्याच हैदराबादने गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर सुपर लीगचे विजेतेपद मिळवले. आणि पुढे दोनच वर्षांत? खेळाडूंचे पगार थकले, फिफाने नवे खेळाडू नोंदवण्यावर बंदी घातली, परदेशी खेळाडू निघून गेले आणि 2023-24 मध्ये हा संघ तक्त्याच्या तळाला राहिला. पुढे मालकी बदलली आणि 2025 मध्ये संघाचे बिऱ्हाड दिल्लीला हलले. पुणे, हैदराबाद, दिल्ली असा हा सहा वर्षांचा प्रवास पाहिला की क्लब ही संस्था होती की भाड्याची खोली, असा प्रश्न पडतो.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. सुपर लीगमध्ये खर्चाला मर्यादा होतीच! काही मोसम संघाच्या एकूण पगारावर 16.5 कोटी रुपयांची कमाल मर्यादा होती. म्हणजे यापेक्षा अधिक द्यायचे नाही, एवढे ठरलेले होते. जे कबूल केले आहे ते महिन्याच्या महिन्याला मिळेलच, याची हमी मात्र त्या मर्यादेत नव्हती. आपण डॉक्टर मंडळी औषधाची कमाल मात्रा सांगतो, तशी किमान मात्राही सांगतो. रुग्णाने औषध घेतलेच नाही तर कमाल मात्रा पाळल्याचे समाधान काय कामाचे? 2025 च्या जुलैमध्ये लीगच्या हक्कांचा करार लांबणीवर पडताच मोसमच स्थगित झाला आणि काही क्लबांनी पहिल्या संघाचे पगार थांबवले. युरोपात मालकाने फार पैसा ओतू नये ही चिंता आहे. आपल्याकडे तो केव्हा हात काढून घेईल ही. दोन्हीकडे एकच पथ्य सांगून चालणार नाही.

गोव्याचे उदाहरण यात निराळे आहे. तेथे फुटबॉल गावागावांत आहे. धेंपो क्लबाने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवले. साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्स यांनीही ते पटकावले. त्यांतील धेंपो आणि साळगावकर यांच्यामागे खाण-व्यवसायात मोठी झालेली घराणी होती. 2016 मध्ये राष्ट्रीय स्पर्धांच्या नियोजित फेररचनेचा निषेध म्हणून साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि मग धेंपो हे आय-लीगमधून बाहेर पडले. पण ते नाहीसे झाले नाहीत. गोव्याच्या लीगमध्ये ते खेळत राहिले, मुले घडवत राहिले. कारण त्यांची मुळे मालकाच्या खिशाबरोबर गावाच्या मातीतही होती.

हा फरक ग्वाल्हेरकरांनी ओळखावा असा आहे. आपल्या गायकीला शिंद्यांच्या दरबाराचा आश्रय होता. 1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि राजाश्रय आटला. तरी गाणे उरले. का उरले? एक तर गुरूने शिष्याच्या गळ्यात ते आधीच उतरवले होते; आणि दुसरे, राजाश्रय असतानाच येथे शाळा निघाल्या होत्या. पं. कृष्णराव शंकर पंडितांनी 1914 मध्ये शंकर गांधर्व महाविद्यालय काढले, पं. भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली, माधवराव महाराजांच्या पाठबळाने, 1918 मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. आश्रयदात्याच्या भरभराटीच्या काळातच त्याच्या पश्चात टिकणारी व्यवस्था उभारावी लागते. नंतर ती उभारता येत नाही.

खेळाडूच्या बाबतीत मला वैद्यकाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगावीशी वाटते. फुटबॉलमध्ये गुडघ्याचा पुढचा लिगामेंट तुटणे ही नित्याची दुखापत. शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने लागतात, आणि या नऊ महिन्यांत शस्त्रक्रियेहून मोठे काम व्यायामोपचाराचे असते. पहिले दोन-तीन महिने नेमाने येणारे तरुण पुढे हळूहळू येईनासे होतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. विचारले तर उत्तर ठरलेले: “डॉक्टरसाहेब, पगार बंद आहे, कामाला लागलो.” अर्धवट बरा झालेला गुडघा आयुष्यभर सोबत करतो. फिफाच्या नियमानुसार दोन महिन्यांचे पगार थकले की क्लबाला पंधरा दिवसांची नोटीस देऊन खेळाडू करार मोडू शकतो. पण लंगडत्या खेळाडूला करार मोडण्याचे स्वातंत्र्य देणे म्हणजे त्याला दार उघडे आहे म्हणून सांगणे. चालायचे कसे, हे कोण सांगणार?

म्हणून माझी सूचना अशी, की आपल्या देशात खर्चाचे नियम करताना क्रम उलटा ठेवावा. प्रथम, मोसम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक क्लबाने वर्षभराच्या पगाराइतकी रक्कम बँक-हमीच्या रूपाने ठेवावी. ज्याला ते जमत नाही त्याने खालच्या लीगमध्ये खेळावे, त्यात कमीपणा नाही. दुसरे, जखमी खेळाडूचा उपचार व पगार तो पूर्ण बरा होईपर्यंत त्या हमीतून चालावा, क्लब राहो वा न राहो. तिसरे, लहान मुलांच्या प्रशिक्षणावरचा खर्च मर्यादेच्या बाहेर ठेवावा. युरोपातही तो तसाच आहे. आणि खेळाडूची विक्री होते तेव्हा त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांना किमतीच्या 5 टक्के वाटा देण्याचा जो फिफाचा नियम आहे, तो देशांतर्गत व्यवहारांतही काटेकोर पाळावा. गावातल्या छोट्या क्लबाला तो पैसा म्हणजे दोन डझन चेंडू आणि एका प्रशिक्षकाचे वर्ष असते. कमाल मर्यादा किती असावी, हा वाद त्यानंतरचा.

यावर कोणी म्हणेल, एवढ्या अटी घातल्या तर क्लब काढायला येईल कोण? प्रश्न रास्त आहे. काही धनिक येणार नाहीत, आणि सुपर लीगचे संघ चौदावरून कदाचित आठवर येतील. परंतु आठ क्लब वीस वर्षे टिकले तर त्यांतून एक पिढी घडते. चौदा क्लब पाच-पाच वर्षांनी गाव बदलू लागले तर केवळ रंगीत सदरे उरतात. पुण्यातील ज्या मुलाने दहाव्या वर्षी पहिला सदरा विकत घेतला, त्याचा क्लब पंधराव्या वर्षी नाहीसा झाला. तो मुलगा पुन्हा मैदानाकडे कशाला फिरकेल?

आपल्या शहरात 1957 पासून शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. देशभर खेळ शिकवणारे तेथून तयार होऊन जातात. त्यांच्या हाताखाली घडलेल्या मुलाला उद्या कोणी कराराचा कागद पुढे केला, तर आई-बापांनी रकमेचा आकडा पाहण्याआधी त्यामागची हमी पाहावी, आणि आपल्यापैकी जे डॉक्टर किंवा वडीलधारे त्या घराच्या परिचयाचे असतील त्यांनी तसे आवर्जून सांगावे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरेच; पण ते अंथरूण रात्रीतून कोणी ओढून नेणार नाही, याची खात्री आधी करून घ्यावी.