चांगल्या माणसांचं वाईट गाव

बारा वर्षांच्या मुलांना भीतीदायक गोष्टी वाचायला द्याव्यात का, यावरून आमच्या नातेवाईकांत सध्या दोन तट पडले आहेत. एका तटावर मी जवळजवळ एकटीच आहे, म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं. फोनवर माझं बोलणं कुणी पुरं होऊ देत नाही, इथे तरी होईल!

निमित्त असं. माझी भाची न्यू जर्सीत असते. तिच्या सहावीतल्या लेकीला शाळेत लोइस लोरी या लेखिकेची 'द गिव्हर' ही कादंबरी लावली आहे. एकोणिसावं प्रकरण वाचून पोर रात्री रडत बसली. भाची म्हणते, "मावशी, एवढ्याशा मुलांना असलं कशाला वाचायला द्यायचं? मी शाळेकडून दुसरं पुस्तक मागून घेते." बाकीचे सगळे तिच्या बाजूने. माझं मत मात्र असं की हे पुस्तक वाचायचं वय हेच.

आधी हा प्रकार काय तो सांगते. रामराज्याच्या गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत. ही त्याची उलटी बाजू. इंग्रजीत 'डिस्टोपिया' म्हणतात, मी आपली 'बिघडलेल्या गावाची गोष्ट' म्हणते. गंमत म्हणजे हे गाव वरवर पाहिलं तर रामराज्यच वाटतं. 'द गिव्हर' १९९३ साली आली आणि १९९४ चं न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा मान, तिला मिळालं. त्याच दशकात तिथल्या शाळा-ग्रंथालयांत ज्या पुस्तकांवर फार हरकती घेतल्या गेल्या त्यांतही ती वरच्या क्रमांकांत होती. म्हणजे आमच्या घरातलं भांडण काही नवं नाही.

जोनास नावाच्या मुलाची ही गोष्ट. त्याच्या गावात भूक नाही, भांडण नाही, चोरी नाही. प्रत्येक घरात दोनच मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी, तीही अर्ज केल्यावर मिळणारी. बाराव्या वर्षी प्रत्येकाला जन्मभराचं काम समिती नेमून देते. रात्री जेवण झाल्यावर घरातला प्रत्येक जण दिवसभरात मनात काय आलं ते सांगतो. सगळं किती छान! फक्त या गावात रंग नाहीत, जुन्या काळाची आठवण नाही, आणि काही माणसांना 'मुक्त' करतात. कुणाला, तर नियम मोडणाऱ्यांना, नीट न वाढणाऱ्या बाळांना आणि म्हाताऱ्यांना. माझ्या वयाच्या लोकांचा तर छान समारंभ वगैरे करून!

जोनासचे बाबा बाळांच्या संगोपनाचं काम करतात. फार मायाळू गृहस्थ. वाढ न होणाऱ्या एका बाळाला समितीची परवानगी काढून रोज रात्री घरी आणतात. एकोणिसाव्या प्रकरणात जोनासला कळतं की 'मुक्त करणं' म्हणजे काय. जुळ्यांपैकी कमी वजनाच्या बाळाला त्याचे बाबा सुई टोचतात, लाडाने बोलत बोलत, आणि मग त्याला टाटा करतात. आमची पोर रडली ती इथे.

आता मुलांना भीती वाटेल म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न. आपण लहानपणी चिलया बाळाची गोष्ट ऐकली की नाही? पाहुण्याच्या रूपाने आलेल्या शंकरासाठी आई आपल्या पोटच्या पोराचं शिर उखळात घालून कांडते, तेही ओव्या म्हणत. शिवलीलामृतातली ही कथा आपल्या आज्यांनी पाच-सहा वर्षांच्या नातवंडांना बिनदिक्कत सांगितली. तेव्हा मुलांना भयानक काही ऐकवू नये ही चाल आपल्याकडची नव्हेच. फरक एवढाच की चिलया शेवटी हाक मारल्यावर धावत येतो, आणि ऐकणाऱ्याने हात जोडायचे असतात. जोनासच्या गोष्टीत ते बाळ परत येत नाही. वाचणाऱ्याने हात जोडायचे नसतात, विचारायचं असतं, "बाबा, असं का केलंत?"

माझ्या मते या गोष्टींचं खरं मोल इथे आहे. राक्षस वाईट असतो हे मुलांना तिसऱ्या वर्षीच कळतं. पण आपल्यावर माया करणारं, नियमाने वागणारं, सज्जन माणूसही फार वाईट काम करू शकतं, तेही 'सगळ्यांच्या भल्यासाठी', हे कधी ना कधी कळावं लागतं. पाचवी ते सातवीच्या वर्गांवर मी तीस-एक वर्षं होते. त्याच वयात मुलं "बाई, असा नियम का?" हे मनापासून विचारू लागतात. दहावीपर्यंत त्यांतल्या बऱ्याच जणांनी विचारणं सोडलेलं असतं.

कुणी म्हणेल, असली गावं पुस्तकातच असतात. मार्गारेट पीटरसन हॅडिक्स यांचं 'अमंग द हिडन' हे १९९८ चं पुस्तक पाहा. दुष्काळ पडून अन्न अपुरं पडलं म्हणून सरकारने तिसरं मूल बेकायदा ठरवलं आहे. ल्यूक हा बारा वर्षांचा मुलगा शेतकऱ्याचं तिसरं मूल. घरामागची झाडी तोडली जाते तेव्हापासून त्याला माळ्यावरच राहावं लागतं. जेवायलाही तो टेबलाशी येऊ शकत नाही, जिन्याच्या पायरीवर बसतो.

कल्पना वाटते ना? १९७६ साली, आणीबाणीत, तीन किंवा अधिक मुलं असलेल्या जोडप्यांवर नसबंदीची सक्ती करणारं विधेयक आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, एवढंच. मी तेव्हा नोकरीत नवी होते. शिक्षकांना 'केसेस' आणायला सांगत. आमचे मुख्याध्यापक देवमाणूस, गरीब मुलांची फी स्वतःच्या खिशातून भरणारे. पण त्या वर्षी तेच हातात यादी घेऊन पालकांना बोलावून बसत, आणि हे तुमच्याच हिताचं आहे म्हणून गोड शब्दांत समजावत. त्यांच्या मनात कपट नव्हतं. वरून आकडा आला होता, आणि देश पुढे जायचा तर हे व्हायलाच हवं यावर त्यांचा विश्वास होता. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचं भय त्यांना दिसत नसेल का, हा प्रश्न मला आजही पडतो. जोनासच्या बाबांविषयी वाचताना मला पहिल्यांदा आठवले ते आमचे सर.

म्हणून अशा पुस्तकाची माझी कसोटी सोपी आहे. वाचून झाल्यावर मुलाला विचारावं, "यातला दुष्ट कोण?" चटकन बोट दाखवता आलं, तर ती नुसती लढाईची गोष्ट. अडखळला, तर पुस्तक चांगलं. सुझान कॉलिन्स यांचं 'द हंगर गेम्स' (२००८) गाजल्यावर अशा लढाईच्या गोष्टींना पूर आला. मूळ पुस्तकात विचार आहे. चोवीस मुलांना एकमेकांना मारायला लावतात आणि बाकीचे ते टीव्हीवर बघतात, तेव्हा बघणाऱ्यांचं काय, हा त्यातला खरा प्रश्न. पण अनुकरणांत प्रश्न गळाला आणि मारामारी तेवढी उरली. ती सहावीला नसली तरी चालेल.

मराठीची शिक्षिका म्हणून आणखी एक गोष्ट मला फार लागली. जोनासच्या गावात अचूक शब्द वापरण्याची सक्ती आहे. तो आईबाबांना विचारतो, तुमचं माझ्यावर प्रेम आहे का? ते हसतात आणि म्हणतात, हा शब्द फार ढोबळ आहे, नीट शब्द वापर. मीही जन्मभर लाल शाईने मुलांचे शब्द दुरुस्त केले. पण शब्द दुरुस्त करणं वेगळं आणि काढून घेणं वेगळं. 'मारणं'ऐवजी 'मुक्त करणं' म्हटलं की हात थरथरत नाही. हे व्याकरणाच्या तासाला शिकवता येत नाही, गोष्टीतूनच शिकवावं लागतं.

सगळ्या मुलांना सरसकट द्या असंही मी म्हणत नाही. ज्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे, तिथे थोडं थांबावं. आणि पुस्तक मुलाच्या हातात देऊन आपण स्वयंपाकघरात निघून जायचं, हे तर अजिबात नको. भाचीला मी सांगितलं, शाळेला पत्र लिहिण्याआधी तू ते वाच, अवघ्या पावणेदोनशे-दोनशे पानांचं आहे. मग लेकीजवळ बस. "ती नुसती गोष्ट आहे, विसरून जा" असं म्हणू नकोस. विसरून जाणं हाच तर त्या गावाचा आजार आहे!

असो. शेवटी एक मागणं, लिहित्या मंडळींपाशी. मराठीत विज्ञानकथा आहे, नारळीकरांच्या कथा आपल्या मुलांनी आवडीने वाचल्या. पण १९७६ चं ते विधेयक कायदा झालं असतं तर काय घडलं असतं, हे सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावातल्या, तिसऱ्या क्रमांकाच्या मुलीच्या तोंडून ऐकायला मला फार आवडेल. साहित्य तयार आहे, कुणीतरी लिहायला बसावं. वाचकांची काळजी नको, आमच्या सोसायटीतली सहावी-सातवीची पाच मुलं मी आत्तापासून धरून ठेवते.