अंगणाची वाटणी

हल्ली आमच्या शहरांतून एक नवेच सोवळे रूढ होऊ लागले आहे. ते वयाचे सोवळे होय. सार्वजनिक बागेत पाऊल ठेवावे तो एका बाजूस मुलांच्या घसरगुंड्या व झोपाळे, दुसऱ्या बाजूस ‘फक्त ज्येष्ठ नागरिकांसाठी’ अशी पाटी मिरविणारी बाके, आणि मध्ये लोखंडी कुंपण. ग्रंथालयात जावे तो वृत्तपत्रांच्या टेबलाभोवती निवृत्त मंडळी, आणि बालविभाग असलाच तर वेगळ्या खोलीत, वेगळ्या वेळी उघडणारा. गृहनिर्माण संस्थेच्या आवारात तर ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ ही पाटी कित्येकदा इमारतीच्या नावाहून मोठ्या अक्षरांत रंगविलेली आढळते. सायंकाळी आजोबा विरंगुळा केंद्रात पत्ते पिसत असतात, त्याच वेळी नातू शिकवणीच्या वर्गात बसलेला असतो. आणि दोघांची भेट रात्रीच्या जेवणाशी, दूरचित्रवाणीच्या साक्षीने, जी काय दहा मिनिटे होईल तेवढीच. ह्या रचनेस पुष्कळ लोक सोय असे म्हणतात. आमच्या मते ही अंगणाची वाटणी आहे. आणि भाऊबंदकीतील वाटण्यांप्रमाणेच हीतही दोन्ही पक्षांच्या वाट्यास पुरेसे असे काहीच आलेले नाही.

प्रश्न लहानसहान नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात साठ वर्षे व त्यावरील वयाची माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे शेकडा ८.६ भरली, आणि त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेले आहे. एवढ्या मोठ्या समुदायाविषयी आपल्या कायद्याने काय विचार केला? २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा झाला. मुलांनी निर्वाहखर्च न दिल्यास न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची सोय त्यात आहे, आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांस सामावून घेईल असा एक तरी वृद्धाश्रम काढण्याची तरतूदही आहे. हा कायदा आवश्यक होता ह्याविषयी आमचा वाद नाही. उपाशी म्हाताऱ्यास आधी भाकरी द्यावी, हे सांगावयास कोणी पंडित नको. परंतु भाकरी व छप्पर यांपलीकडे वृद्धास काही हवे असते, आणि त्याच्यापाशी देण्यासारखेही काही असते, ह्याचा विचार कायद्याच्या कलमांत मावणारा नव्हे. तो समाजाने करावयाचा होता, आणि समाजाने तो केलेला नाही.

ह्या विषयास तोंड फुटले की आमचे काही मित्र एकत्र कुटुंबाचे गुणगान आरंभितात. आजीच्या मांडीवर डोके ठेवून गोष्टी ऐकणारा नातू त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि ‘ते दिवस गेले’ असा निःश्वास टाकून ते मोकळे होतात. आम्हांस हा निःश्वास मान्य नाही. ज्या घरांची ही स्तुती, त्याच घरांतील विधवांसाठी अण्णासाहेब कर्व्यांस १८९६ साली पुण्यास आश्रम काढावा लागला, हे विसरून चालणार नाही. त्या घरात वृद्धांस मान होता तो बहुधा कर्त्या पुरुषास होता. माजघराच्या कोपऱ्यात दिवस कंठणाऱ्या आत्याबाईस तो नव्हता. तेव्हा एकत्र कुटुंब परत येणार नाही, आणि त्याच्या परत येण्याची वाट पाहत बसणे हा काहीही न करण्याचा सभ्य मार्ग आहे.

परंतु एकत्र कुटुंबाच्या नावावर जी पुंजी आपण जमा धरतो तिचा बराच भाग वस्तुतः घराबाहेरच्या जागांचा होता. गावात तो पार होता, देवळाचा सभामंडप होता, चावडी होती. शहरात ती ओसरी होती, वाड्याचे अंगण होते, चाळीचा व्हरांडा होता. मूल तेथे खेळावयास येई आणि म्हातारा तेथे बसावयास येई. दोघांची भेट घडवून आणण्यासाठी कोणास कार्यक्रमपत्रिका छापावी लागत नसे. ह्या जागा निर्दोष होत्या असे आमचे म्हणणे नाही. पारावर कोणी चढावे आणि सभामंडपात कोणी शिरावे हे जात ठरवीत असे, आणि गावाच्या निम्म्या मुलांस त्या अंगणाची वाटणी जन्मतःच झालेली होती. म्हणून आम्हांस ती जुनी अंगणे जशीच्या तशी नकोत. त्यांची जागा घेणारी, सर्वांस खुली अशी अंगणे हवीत.

ह्या बाबतीत मुंबईतील बी.डी.डी. चाळींचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. वरळी, नायगाव, आजचा ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून ह्या २०७ इमारती १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. त्यांतील खोली १६० चौरस फुटांची. एवढ्या खोलीत सारे घर एका वेळी मावणे शक्यच नसल्यामुळे म्हातारी दाराबाहेर बसे, मूल दाराबाहेर खेळे, आणि अभ्यास, भांडण, गाणे, गोष्ट हे सर्व व्हरांड्यातच होई. आता ह्या चाळींचा पुनर्विकास चालला आहे. वरळीतील पहिल्या नव्या घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांच्या हाती पडल्या. घर ५०० चौरस फुटांचे आणि त्यात स्वतःचे शौचालय. सार्वजनिक शौचालयापुढे रांगेत जन्म काढलेल्या म्हातारीस ‘तुमचा व्हरांडा किती रम्य होता’ असे सांगण्याचा निर्लज्जपणा आम्ही करणार नाही. तिला हे घर मिळाले हे न्याय्यच झाले. आमचा प्रश्न एवढाच की, १६० चे ५०० करताना त्या व्हरांड्याचा हिशेब कोणत्या खात्यात मांडला? आणि हा प्रश्न केवळ चाळींपुरता नाही. आपण मध्यमवर्गीयांनी आपले वाडे पाडून सदनिका बांधल्या तेव्हा तो आपणही कोणास विचारला नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: लहान आणि वृद्ध यांचा सहवास हा आजवर रक्ताच्या नात्यावर सोपविलेला होता, तो आता शेजारावर सोपविला पाहिजे. ज्या मुलाची आजी गावी राहते आणि ज्या आजीचा नातू परदेशी गेला आहे, अशी दोघे एकाच रस्त्यावर राहत असून परस्परांस ओळखत नाहीत. त्यांना एकत्र आणावयास नव्या इमारती नकोत. असलेल्या इमारतींतील भिंती काढल्या तरी पुष्कळ होईल.

प्रथम अंगणवाडी घ्या. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे ह्या विचारातून अंगणवाडी जन्मास आली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेने ते नाव देशभर नेले. अंगण हा शब्द राहिला. अंगणात बसणारी म्हातारी तेवढी गळाली! खेड्यातील अंगणवाडीच्या समोरच्याच ओट्यावर तीन-चार म्हाताऱ्या दिवसभर बसून असतात, आणि आत सेविका एकटी पंचवीस मुलांस गाणी शिकवीत असते. ह्या दोहोंमधील अंतर दहा पावलांचे आहे. ते तोडण्याची कल्पना आमच्या योजनाकारांस सुचू नये हे आश्चर्य होय.

दुसरी जागा सार्वजनिक ग्रंथालय. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर राज्यात शासनमान्य ग्रंथालयांची संख्या दहा हजारांवर गेली. मराठी समाजाने एवढी सार्वजनिक दालने उभारली ही अभिमानाची गोष्ट. परंतु तेथे वृत्तपत्र वाचून घरी जाणाऱ्या निवृत्त शिक्षकास शेजारच्या खोलीतील मुलांस एक गोष्ट वाचून दाखवा असे आजवर किती चिटणिसांनी विनविले?

हे होऊ शकते ह्याची उदाहरणे आहेत. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन साठीपलीकडच्या बायका पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या, आणि घरी त्यांचा अभ्यास घ्यावयास नातवंडे बसली. शिकविणारे वय आणि शिकणारे वय यांची अशी अदलाबदल झाली की दोघांचाही मान वाढतो. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतील सिएटल शहरी एका वृद्धनिवासातच १९९१ पासून बालसंगोपनाचा वर्ग चालतो. वृद्ध व बालके एकत्र गातात, चित्रे काढतात, कधी एका टेबलाशी जेवतात. तेथे पैसा विपुल आहे हे खरे. परंतु फांगण्यास तो विपुल नव्हता.

आता आक्षेपांकडे वळू. ‘म्हाताऱ्यांस शांतता हवी असते,’ हा पहिला. रुग्णास शांतता हवी, आणि ती त्यास मिळालीच पाहिजे. परंतु सरसकट सर्व वृद्धांच्या वतीने हे सांगणारे बहुधा पन्नाशीतले कार्यकारी सभासद असतात. सत्तरीतल्या माणसास कोणी विचारलेले नसते. ज्या घरात दिवसभर दाराची घंटा वाजत नाही तेथल्या शांततेस वेगळे नाव आहे.

दुसरा आक्षेप मुलांच्या सुरक्षिततेचा. तो आम्ही हसण्यावारी नेणार नाही. परक्या माणसाच्या हाती मूल एकटे देऊ नये. दार उघडे असावे, जबाबदार सेविका अथवा शिक्षक समोर असावा, आणि हे नियम कोणाच्याही वयाकडे वा प्रतिष्ठेकडे पाहून शिथिल करू नयेत. मात्र दहा जणांच्या नजरेखालील उघडी जागा ही बंद सदनिकेहून अधिक सुरक्षित असते, हेही लक्षात घ्यावे.

तिसरा आक्षेप सुधारकांचा: जुनी माणसे मुलांच्या मनात जुन्या समजुती आणि जातीचा अहंकार भरतील. हे भय खरे आहे. पण ते अधिक खरे आहे घराच्या चार भिंतींत, जेथे एकाच आजोबांचा शब्द प्रमाण असतो. सार्वजनिक अंगणात आजोबा अनेक असतात. निवृत्त गिरणी कामगार, परिचारिका, शिंपी, तलाठी, प्राध्यापक हे एका बाकावर बसले म्हणजे ते एकमेकांस खोडून काढतात, आणि वडीलधारी माणसेही परस्परांशी असहमत असू शकतात हे मुलास दिसते. ह्याहून मोठे शिक्षण आम्हांस ठाऊक नाही.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: ही सारी योजना म्हणजे म्हाताऱ्या बायकांस फुकटच्या दाया बनविण्याची युक्ती तर नव्हे? तसे होईल तर आम्हीच प्रथम तिला विरोध करू. अंगणवाडी सेविकेस अजूनही पगाराऐवजी मानधनच मिळते. तिच्या तुटपुंज्या मोबदल्यात काटछाट करण्यासाठी आजीबाईंची माया वापरणे हा दोघींचाही अपमान ठरेल. आजी पाहुणी म्हणून यावी, मनास येईल तेव्हा उठून जावी. काम सेविकेचे, आणि त्याचा योग्य मोबदलाही सेविकेचा.

हे वाचणाऱ्यांपैकी कित्येक जण कोणत्या ना कोणत्या गृहनिर्माण संस्थेचे, वाचनालयाचे अथवा ज्येष्ठ नागरिक संघाचे पदाधिकारी असतील. म्हणून आमची मागणी सरकारकडे नंतर, त्यांच्याकडे आधी आहे. केवळ वृद्धांसाठी किंवा केवळ मुलांसाठी म्हणून नवे सभागृह बांधण्याचा ठराव आला तर त्याच्या विरुद्ध मत द्यावे. वाचनालयाने आठवड्यातून दोन सायंकाळी बालविभाग आणि वाचनकक्ष एकत्र उघडावे. ज्येष्ठांच्या संघाने आपल्या खोलीचे दार एक तास शेजारच्या शाळेस द्यावे. आणि गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत भरावयाच्याच असतात. त्या सभेत खेळण्यास मनाई करणारी पाटी काढण्याचा ठराव मांडावा, आणि तिच्या जागी, सावलीत, पाठ टेकता येईल असे एक लांब बाक ठेवण्याचा दुसरा. बाकावर कोण बसेल आणि समोर कोण खेळेल, ह्याचा नियम मात्र कोणी करू नये.