संग्रहालय कोणाचे?

वॉर्सा शहरात जेथे एके काळी ज्यूंची गजबजलेली वस्ती होती आणि जेथे १९४० साली नाझींनी घेट्टोच्या भिंती उभ्या केल्या, त्याच भूमीवर आज 'पोलिन' हे पोलंडमधील ज्यूंच्या इतिहासाचे संग्रहालय उभे आहे. घेट्टोतील उठावाला सत्तर वर्षे पूर्ण झाली तेव्हा, एप्रिल २०१३ मध्ये, त्याची इमारत लोकांना खुली झाली. हजार वर्षांचा इतिहास मांडणारे तेथील कायमचे प्रदर्शन ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झाले. महायुद्धापूर्वी पोलंडमध्ये सुमारे तेहतीस लाख ज्यू राहत होते. त्यांपैकी सुमारे तीस लाख मारले गेले. ज्या समाजाचा इतिहास सांगावयाचा तो समाजच जवळजवळ नाहीसा झालेला असता, तो इतिहास कोणी सांगावा, कोणाला सांगावा आणि कोणाच्या पैशाने सांगावा, असे तीन प्रश्न या संस्थेपुढे पहिल्या दिवसापासून उभे आहेत. या प्रश्नांशी आपलाही संबंध आहे.

संग्रहालय म्हणजे काचेच्या कपाटांतील जुन्या वस्तू, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. पोलिनचे काम त्या समजुतीत बसत नाही. गवोझ्दिएत्स या गावातील लाकडी सिनेगॉगचे रंगीत छत तेथील प्रदर्शनात पुन्हा उभारलेले आहे. ते एखाद्या कंत्राटदाराकडून करून घेतलेले नाही. विद्यार्थी आणि स्वयंसेवक यांनी जुन्या पद्धतीच्या हत्यारांनी लाकूड तासून आणि पोलंडच्या निरनिराळ्या गावांत कार्यशाळा भरवून ते घडविले. २०१४ पासून या संस्थेचे फिरते संग्रहालय पन्नास हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावांत जाऊ लागले. गाडी गावात येते, काही दिवस मुक्काम करते, शाळांतील मुलांसाठी वर्ग भरतात आणि गावातीलच माणसे आपल्या गावच्या ज्यू शेजाऱ्यांची हकिकत इतरांना सांगतात. ज्या गावात एकही ज्यू उरलेला नाही, तेथे ही हकिकत ऐकणारे सर्व बहुसंख्य समाजाचे असतात. या शिक्षणाचे खरे महत्त्व त्यातच आहे.

दर वर्षी १९ एप्रिलला संग्रहालयाचे स्वयंसेवक शहरातील रस्त्यांवर पिवळ्या डॅफोडिलची कागदी फुले वाटतात. उठावाच्या ऐंशीव्या वर्षी, २०२३ मध्ये, अशी साडेचार लाख फुले वाटली गेली. ऐन गर्दीच्या काळी घेट्टोत कोंडलेल्या माणसांची संख्या जवळपास तेवढीच होती. या फुलामागे एक समाजवादी कार्यकर्ता आहे, हे आपल्या वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावे. उठावाच्या सेनानींपैकी मारेक एडेलमन हे 'बुंद' या ज्यू कामगारांच्या समाजवादी पक्षाचे. हा पक्ष १८९७ साली विल्ना येथे स्थापन झाला. जेथे राहतो तेथेच समान हक्कांसाठी लढावयाचे, अशी त्याची भूमिका होती. एडेलमन यांना दर वर्षी उठावाच्या दिवशी कोणी अज्ञात व्यक्ती पिवळी फुले पाठवीत असे आणि ती फुले ते स्मारकापाशी ठेवीत. पुढे त्यांनी हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम केले, सॉलिडॅरिटीच्या चळवळीत भाग घेतला, डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा पुकारला गेला तेव्हा स्थानबद्धता भोगली आणि १९८३ च्या सरकारी स्मृतिसमारंभास जाण्याचे नाकारले. सत्तेच्या हातातील स्मृती ही स्मृती राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

समाजवाद्यांना अंतर्मुख करणारे प्रदर्शन या संग्रहालयाने २०१८ साली भरविले. त्याचा विषय होता मार्च १९६८. त्या वर्षाच्या आरंभी मित्स्कियेविच यांच्या नाटकाचा प्रयोग सरकारने बंद पाडला, विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि गोमुल्का यांच्या सत्ताधारी पक्षाने या असंतोषाचे खापर 'झायोनिस्टां'वर फोडले. माणसे नोकरीवरून काढली गेली, पक्षातून हाकलली गेली. पुढील तीन वर्षांत तेरा हजारांच्या आसपास ज्यूंनी देश सोडला, आणि त्यासाठी त्यांना नागरिकत्व सोडावे लागले. ज्या पक्षाच्या नावात 'कामगार' हा शब्द होता, त्याने हे केले. वंशद्वेष हा भांडवलशाहीचाच रोग आहे, असे मानून जे निश्चिंत राहतात त्यांनी या इतिहासाकडे पाहावे. लाल झेंडा हाती असला म्हणजे बळीचा बकरा शोधण्याची प्रवृत्ती आपोआप नष्ट होत नाही.

हे प्रदर्शन एक लाखाहून अधिक लोकांनी पाहिले. पण त्यात १९६८ मधील द्वेषपूर्ण मजकुराशेजारी अलीकडच्या काळातील तसाच मजकूर, लिहिणाऱ्यांची नावे न देता, मांडलेला होता, आणि सत्ताधाऱ्यांना ते झोंबले. त्याच वर्षी तेथील राष्ट्रवादी सरकारने नाझी गुन्ह्यांचे उत्तरदायित्व पोलिश राष्ट्रावर टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास देणारा कायदा केला होता. जगभर टीका झाल्यावर जूनमध्ये ही शिक्षेची तरतूद मागे घ्यावी लागली. २०१९ साली संग्रहालयाचे संचालक, इतिहासकार दारिउश स्तोला, रीतसर स्पर्धेतून पुन्हा निवडले गेले. परंतु सांस्कृतिक मंत्र्यांनी त्यांची नेमणूक केलीच नाही. अखेर फेब्रुवारी २०२० मध्ये स्तोला यांनी माघार घेतली.

तथापि मंत्र्यांना आपल्या मर्जीतील माणूसही तेथे बसविता आला नाही. स्तोला यांचेच सहकारी संचालक झाले आणि संस्थेचे काम त्याच दिशेने चालू राहिले. याचे कारण २००५ सालच्या करारात आहे. केंद्र सरकार, वॉर्सा महानगरपालिका आणि ज्यू इतिहास संस्थेचा नागरी संघ या तिघांनी मिळून ही संस्था स्थापन केली. इमारतीचा खर्च सरकार व महानगरपालिका यांनी उचलला, तर कायमच्या प्रदर्शनासाठी संघाने देणग्या जमविल्या. तिघांपैकी कोणीही एकटा मालक नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक जुना धडा पुन्हा दिसेल: खर्च सार्वजनिक असावा, पण नियंत्रण वाटलेले असावे.

जनतेने निवडलेले सरकार पैसा देत असेल तर संचालकही त्यानेच का नेमू नये, असा प्रश्न विचारला जातो. तो टाळण्याजोगा नाही. परंतु कर भरणारा नागरिक निवडणुकीत हरलेल्या बाजूचाही असतो आणि अल्पसंख्यही असतो. सरकार हे त्याच्या पैशाचे विश्वस्त आहे. दुसऱ्या बाजूला, सरकारचा हात नको म्हणून संग्रहालये केवळ धनिकांच्या देणग्यांवर सोपविणे हाही मार्ग नव्हे. तेथे मंत्र्याच्या जागी देणगीदार येतो, इतकेच.

पोलंडशी महाराष्ट्राचे एक नाते आहे. महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना, त्यांतही मुख्यतः स्त्रिया व मुले यांना, आश्रय मिळाला होता. त्याचे स्मारक वॉर्सात आहे आणि २०२४ साली भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. हे योग्यच झाले. पण आपल्या औदार्याची आठवण जपणे कोणत्याही सरकारला सोपे असते; आपण शेजाऱ्याशी कसे वागलो, याची आठवण जपणे अवघड. आपल्या जिल्ह्यातील संग्रहालयात, शाळेच्या सहलीत, जयंती-पुण्यतिथीच्या व्याख्यानात या दुसऱ्या प्रकारच्या आठवणीला किती जागा मिळते, हे कार्यकर्त्यांनी तपासावे. स्थानिक संस्थांच्या अंदाजपत्रकावर चर्चा होते तेव्हा संग्रहालयाच्या तरतुदीबरोबरच त्याच्या व्यवस्थापक मंडळावर कोण बसणार, हाही प्रश्न विचारावा. पैसा मंजूर झाला म्हणजे लढा संपला असे नव्हे. तो जनतेच्या ताब्यात राहील अशी घटना संस्थेला देणे, हे त्याहून मोठे काम आहे.