कसरतीला सूर कोणता?

मुलींच्या जिम्नॅस्टिक्समधील जमिनीवरील कसरत संगीताच्या साथीने होते. पुरुषांची मात्र संगीतावाचून. 12 मीटर लांबीरुंदीच्या चौकात 90 सेकंदांच्या आत सारे साधावयाचे असते आणि त्या संगीतात शब्द चालत नाहीत. साहजिकच गाणी बाजूस पडतात आणि इंटरनेटवरून एखादी परदेशी धून उतरवून घेतली जाते. हे आम्हांस रुचत नाही.

आमची शिंदे की छावनी ज्या ग्वाल्हेरात आहे, तेथे तानसेनाची समाधी आहे, हाफिज अली खाँसाहेबांच्या घराण्याचे सरोदघर आहे आणि 1957 साली स्थापन झालेली लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थाही आहे. सूर आणि व्यायाम एकाच गावी नांदत असता उसनवारी कशाला? सरोदाची द्रुत गत उड्यांना वेग देईल, संथ आलाप तोल सांभाळील.

शिवाय दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण विनापरवाना वापरणे ही चोरीच होय. आपल्या कायद्याने त्यावरील हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो. त्यापेक्षा वादन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीच दीड मिनिटाची गत बसवून ती मुद्रित करावी. उडी आणि सम एका क्षणी साधली, म्हणजे ती कसरत खरोखर आपली झाली, असे आमचे नम्र मत आहे.